गॅस जाईल, मी नाही

मी आज जो काही आहे, तो शालनवहिनींमुळे आहे. पुण्यात नोकरीच्या मुलाखतीत हेच वाक्य मी बोललो होतो. समोरच्या साहेबांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "वडिलांमुळे नाही?" वडील मला नीट आठवतही नाहीत. आईनं वाढवलं, थोरल्या भावानं, म्हणजे दादानं, फौंड्रीत भट्टीसमोर उभं राहून घर चालवलं. पण मला शिकवलं ते दादाच्या बायकोनं. एवढं सगळं मुलाखतीत कुठं सांगत बसणार? "नाही सर, वहिनींमुळे," एवढंच म्हणालो. तेव्हा जे सांगायचं राहिलं ते आज लिहितो आहे.

लग्न होऊन वहिनी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात आल्या तेव्हा मी आठवीत होतो. त्यांचं माहेर नृसिंहवाडीजवळच्या एका खेड्यात. आमच्या घरात आईचा एक कडक नियम होता. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय अन्नाची चव घ्यायची नाही. घेतली तर ते उष्टं. दुसऱ्यांच्या घरी हा नियम सणावाराला असतो, आमच्याकडे तो रोजचा. त्यामुळं आमटीत मीठ पडलंय की नाही हे देवाच्या आधी कुणाला कळायचं नाही, आणि देव काही बोलायचा नाही. कितीतरी वेळा आम्ही मुकाट्यानं अळणी जेवलो आहोत. वहिनींनी पहिल्याच दिवशी आमटीवरचं झाकण उचललं, डोळे मिटले, वाफ आत ओढून घेतली आणि म्हणाल्या, "मीठ कमी हाय."

आई हसली. "आगं, मिठाला कुठं वास असतोय?"

"मिठाला न्हाय आत्ती, आमटीला असतोय. मीठ पडलं की आमटीचा वास बदलतोय. मी वळकतो."

आमच्याकडे सासूला आत्ती म्हणतात, आणि बायकाही स्वतःबद्दल 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात. आईनं हट्टानं मीठ घालू दिलं नाही. नैवेद्य झाला, आम्ही जेवायला बसलो, आणि दादानं पहिल्याच घासाला मिठाची वाटी मागितली. त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात वहिनींच्या नाकाचं राज्य सुरू झालं. दूध नासायच्या आधी त्यांना कळायचं. कोपऱ्यावरच्या भडंगवाल्यानं तेल बदललं की त्या उंबऱ्यातून सांगायच्या. मी तास बुडवून फुटबॉलची मॅच बघायला गेलो तर घरात पाऊल टाकताच ऐकू यायचं, "काय भावजी, शाळंत गेलतासा की ग्राउंडावर? शर्टाला भाजक्या शेंगांचा वास मारतोय." शाळेत शेंगा कोण भाजणार?

आमच्या घरात अभ्यासाला जागा म्हणजे स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत गल्लीचा सगळा आवाज. शेजारच्या तालमीतली पोरं ओट्यावर बसून मागच्या फुटबॉल सामन्याचा निकाल पुन्हा पुन्हा लावायची. मी आत भिंतीला टेकून पोत्यावर बसायचो आणि वहिनी भाकरी थापत बसायच्या. मी मनात वाचायला लागलो की त्यांचा हात थांबायचा. "मोठ्यानं वाचा. मला कळलं म्हंजे तुम्हास्नी कळलं." त्या स्वतः सातवी पास. पुढची शाळा गावाबाहेर होती म्हणून त्यांना घरी बसवलं होतं. मी वाचायचो, त्या ऐकायच्या, आणि त्यांना कळलं नाही तर मला ते पान पुन्हा वाचायला लागायचं. अशी माझी दहावी झाली, बारावी झाली, आणि पुढं बी.कॉम.सुद्धा ह्याच पद्धतीनं झालं.

हिशेबशास्त्रातला घसारा मी त्यांना समजावून सांगितला तो दिवस मला अजून आठवतो. यंत्र वापरून वापरून झिजतं, म्हणून दरवर्षी त्याची किंमत थोडी कमी धरायची. वहिनींनी तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारलं, "आणि माणसाचा घसारा कोण धरतंय?"

दादा बाहेरून म्हणाला, "भट्टी धरती की!" त्यावर आम्ही तिघंही हसलो.

बी.कॉम. होणार हे मात्र आधी ठरलेलं नव्हतं. बारावीचा निकाल लागला तेव्हा दादानं फौंड्रीत माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. त्याचा हेतू वाईट नव्हता. आमच्या भावकीत कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं आणि हाताला काम मिळणं ही मोठी गोष्ट होती. आईलाही पटलं होतं. संध्याकाळी जेवताना वहिनी वाढता वाढता म्हणाल्या, "भावजी फौंड्रीत जाणार न्हाईत."

"मग कुठं जाणार?" दादानं विचारलं.

"कॉलेजात."

"आणि त्येचं कोण बघणार?"

"मी डबं करतो." एवढं बोलून त्यांनी दादाच्या ताटात भात वाढला, म्हणजे विषय संपला.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला येणारी खेड्यापाड्यांतली पोरं तेव्हा आमच्या पेठेत खोल्या करून राहायची. वहिनींनी त्यांचे डबे सुरू केले. सकाळच्या पाळीचे वेगळे, दुपारच्या पाळीचे वेगळे. पदवी हातात आली तेव्हा मी ती आधी देवापुढं ठेवली आणि मग वहिनींच्या हातात दिली. त्यांनी कागद नाकाजवळ नेला आणि डोळे मिटले. "नव्या पुस्तकावानी वास न्हाय ह्येला," त्या म्हणाल्या. "पर ब्येस हाय." आमच्या घरातल्या पहिल्या पदवीची तपासणी अशी झाली.

मी पुण्याला आलो, नोकरी लागली, कविताशी लग्न झालं. डबे थांबवा असं मी बऱ्याच वेळा म्हटलं. वहिनी म्हणायच्या, "तुमच्यासाठी सुरू केलं हुतं, आता माझ्यासाठी करतो." पेठेत त्यांना आता 'दादाची बायको' म्हणून नव्हे, तर 'डब्याच्या वैनी' म्हणून लोक ओळखत होते, आणि ते त्यांना आवडत होतं हे उघड होतं.

मग कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत घरात सगळ्यांना ताप आला. सगळे बरे झाले, वहिनीही बऱ्या झाल्या. फक्त त्यांचं नाक परत आलं नाही.

ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नाही. झाकण उचलायचं, डोळे मिटायचे, वाफ आत ओढायची, सगळं पूर्वीसारखंच चालू होतं. वास काहीच येत नव्हता. मीठ हाताच्या सवयीनं पडायचं, कांदा रंगावरून कळायचा, फोडणी कानानं. कधी आमटी बिघडली तर "आज लक्ष नव्हतं" म्हणायच्या. इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी नाव झालं तीच गेली, हे सांगायला जीभ रेटत नसणार.

ते बाहेर पडलं एका दुपारी. बारीक गॅसवर दूध ठेवून वहिनी पाठमोऱ्या बसून मेथी निवडत होत्या. दूध उतू गेलं आणि त्यानं बर्नर विझला. गॅस मात्र चालूच राहिला. मेथी झाली, आता देवापुढं दिवा लावावा म्हणून त्या उठल्या आणि त्यांनी काडेपेटीतून काडी काढली. तेवढ्यात आई बाहेरून आली. दारातच तिला वास आला आणि ती गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "शालन! काडी टाक! टाक आधी!"

वहिनींनी काडी टाकली. आईनं पदर नाकाला लावून बटण बंद केलं, मागचं पुढचं दार उघडलं आणि त्यांना हाताला धरून अंगणात आणलं. "येवढा वास सुटलाय आणि तू काडी ओढालीस?" वहिनी खाली बसल्या आणि म्हणाल्या, "आत्ती, मला वासच येत न्हाय. तापापासनं."

त्या शनिवारी मी कोल्हापूरला गेलो. डॉक्टरांना दाखवून झालं होतं. वास परत येईलही, न येईलही, असं ते म्हणाले होते. घरात बैठक बसली होती आणि दादाचा निर्णय झाला होता.

"डबं बंद," तो म्हणाला. "आजपासनं आई गॅस बघंल. शालन, तू एकटी आत जायाचं न्हाय."

"व्हय, मी बघतो," आई म्हणाली. "म्हातारी असलो तरी माझं नाक हाय अजून."

दादा चिडलेला नव्हता, भ्यालेला होता. भट्टीसमोर आयुष्य काढलेल्या माणसाला आग म्हणजे काय ते कळतं. वहिनी माझ्याकडं वळल्या. "भावजी, गॅसला स्वतःचा वास असतोय?"

मी सांगितलं, की नसतो. गळती कळावी म्हणून त्यात वास मुद्दाम मिसळलेला असतो.

"म्हंजे सारा भरवसा नाकावर. आणि माझ्या नाकाचा तर घसारा पुरा झाला." त्या किंचित हसल्या. मग दादाकडं पाहून त्या जे बोलल्या ते आमच्या घरात अजून जसंच्या तसं सांगितलं जातं. "माझं आणि गॅसचं एका खोलीत जमत न्हाय, ह्ये खरं हाय तुमचं. दोघातलं एक जायाला पायजे. तर गॅस जाईल. मी न्हाय."

"आणि पेठेत काय तीन दगडांची चूल मांडणार हाईस?"

"लाईटवर करतो."

"डब्यांचा सैपाक? लाईटवर?" दादा आईकडं बघून हसला. आई हसली नाही. ती वहिनींकडं बघत होती.

मला बाजूला बोलावून वहिनी म्हणाल्या, "तुम्ही शिकलासा. ह्ये हुतंय का न्हाय, तेवढं वाचून सांगा. झालं तर माझं घर माझ्याकडं राहील. न्हायतर मी ह्या घरात पाव्हणी." इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडं काही मागितलं ते हे पहिलंच. विजेवरच्या इंडक्शन शेगडीची पुस्तिका मी दुकानातून आणली, ती इंग्रजीत होती. मी त्याच भिंतीला टेकून त्याच जागी बसलो आणि एकेक वाक्य मराठीत करून मोठ्यानं सांगू लागलो. मध्येच त्या थांबवायच्या. "म्हंजे जाळ न्हायच? मग तापतंय काय, शेगडी का भांडं?" मी सांगितलं की भांडंच तापतं. त्यांनी थोडा विचार केला. "मला कळलं," त्या म्हणाल्या, "म्हंजे तुम्हास्नी कळलं. आता वायरमन बोलवा."

वायरमन म्हणजे आमच्या गल्लीतलेच मुश्ताकभाई. तालमीच्या गणपतीची रोषणाई दरवर्षी त्यांचीच. ते आले, आमच्या जुन्या बोर्डाकडं बघून त्यांनी जीभ चावली. "वैनी, ह्या वायरीवर शेगडी लावलासा तर आमटीच्या आधी भिंत उकळंल."

"मग वायर बदला की."

"वायर बदलायची, मीटरपासनं जाड लाईन वेगळी आणायची, वीज कचेरीत भार वाढवून घ्यायचा, आणि मागं अर्थिंग करायचं. घर खणायला लागंल थोडं."

"खणा," वहिनी म्हणाल्या.

मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा काढला. त्यात कोळसा आणि जाडं मीठ घालतात. मुश्ताकभाई पोतं रिकामं करायला लागले तशी आई कळवळली, "एवढं मीठ! वर्षभर आमटी हुईल!" वहिनी पदर खोचून खड्ड्याच्या काठावर उभ्या होत्या. "घाला भाई, बिनघोर घाला. घरात ह्येच एक हाय, ज्येच्यात मीठ किती पडलं ते कुणी इचारणार न्हाय."

मग भांड्यांची निवड. आमची मोठी पातेली जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची. ती ह्या शेगडीवर तापत नाहीत. लोहचुंबक ज्याला चिकटतं तेच भांडं चालतं. घरात लोहचुंबक एकच होतं, फ्रीजच्या दारावरचं दत्तगुरूंचं चित्र. वहिनींनी ते काढलं, कपाळाला लावलं आणि घरातल्या एकेका भांड्याला लावून पाहू लागल्या. त्यानंतर तेच चित्र घेऊन त्या भांड्यांच्या दुकानात गेल्या. दुकानदार थक्क होऊन बघत राहिला. "काय वैनी, देवाला भांडं पसंत पडतंय का बघालासा?"

"व्हय की. देव चिकटला तर घेणार, न्हायतर ठेवा तुमच्याकडंच."

देव चिकटला त्या पातेल्यांवर आज डबे होतात. आईला हे सगळं पसंत नव्हतं, पण देवच पुढं केल्यावर तिला बोलायला जागा उरली नाही. भाकरीचं काय होणार म्हणून गल्ली आठवडाभर चिंतेत होती. वहिनींनी जाड लोखंडी तवा घेतला आणि फडक्यानं दाबून तव्यावरच भाकरी फुगवायला शिकल्या. पहिल्या काही भाकरी गल्लीतल्या म्हशीनं खाल्ल्या, एवढंच.

शेगड्या बसल्या त्या दिवशी आई देवघरातून म्हणाली, "नव्या चुलीवर आधी दूध उतू घालवायचं. पूर्वेला. मग बाकीचं." घर नवं असलं की आम्ही असं करतो, घरात भरभरून राहावं म्हणून. मी म्हणालो, की ह्या शेगडीवर दूध सांडलं तर ती बिघडेल. आईनं माझ्याकडं पाहिलं. "तुझ्या शेगडीला आमच्या घरात राहायचं असंल तर आमची रीत पाळाय पायजे." वहिनींनी पातेल्यात काठोकाठ दूध घेतलं, देवाला हात जोडला आणि बटण दाबलं. आई, दादा, मुश्ताकभाई, दारात शेजारच्या बायका, सगळे दुधाकडं बघत उभे. दूध चढलं, काठावर आलं, ओसंडलं, काचेवर पसरलं. आणि शेगडी एकदम टी-टी-टी करून ओरडली आणि बंद पडली.

दादा हळूच म्हणाला, "झालं. संपली."

आईनं कपाळावर हात मारला. "पहिल्याच दिवशी! ह्यो काय शकुन म्हणायचा?"

वहिनी मात्र शेगडीकडं टक लावून बघत होत्या. त्यांनी फडक्यानं काच पुसली, पुन्हा बटण दाबलं. शेगडी चालू झाली. मग त्या आईकडं वळल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहरा मात्र मॅच जिंकल्यासारखा. "आत्ती, त्या दिवशी दूध उतू गेलं तवा गॅस गप बसला हुता. मला मारायला निघालता तरी गप. ही वरडली. वरडली आणि आपणहून बंद झाली. मला नाक न्हाय, पर कान हाईत की. ह्याच्यापेक्षा चांगला शकुन कुठला हवा तुम्हास्नी?"

आईनं शेगडीला हळदीकुंकू लावलं. मुश्ताकभाई घाईनं म्हणाले, "मावशी, बटनावर नको, बटनावर नको!"

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. धोका टळला होता, पण नाक आलेलं नव्हतं. चार दिवसांत डब्याची पोरं कुरकुर करू लागली. एकानं निरोप पाठवला, "वैनी, आमटीत कालपासनं मीठ सुट्टीवर हाय काय?" नवी भांडी, नवं मोजमाप, हाताची जुनी सवय चुकत होती. दादा गॅसचा सिलिंडर परत करत नव्हता. तो भरलेलाच कोपऱ्यात उभा होता. लाईटवर जमलं नाही तर असू दे, असं जणू तो सिलिंडरच बोलत होता. डबे बंद पडले असते तर वहिनी हरल्या असत्या, मग शेगडी कितीही चांगली असो.

वहिनींनी उपाय काढला. एका वाटीत नैवेद्य आधी काढून देवाला दाखवायचा, आणि मग पातेल्यातली आमटी चाखून मीठ सारखं करायचं. नियम मोडत नाही आणि डबा बिघडत नाही. आईच्या हे लक्षात आलं तशी ती उसळली. "म्हंजे अळणी देवाला आणि चवीचं पोरांस्नी?"

"देव डबा बंद करणार न्हाय, आत्ती. पोरं करतील."

दुसऱ्या दिवशी पहाटे आई पाट घेऊन स्वयंपाकघरात आली आणि शेगडीजवळ बसली. "झाकण उचल," ती म्हणाली.

वहिनींनी झाकण उचललं. आईनं डोळे मिटले. "काय कळंना मला," ती चिडून म्हणाली.

"घाई करू नका. आधी काय येतंय? कांदा का लसूण?"

"लसूण."

"मग मीठ न्हाय पडलेलं. मीठ पडलं की लसूण मागं सरतोय."

इतकी वर्षं वहिनींनी जे कुणाला शिकवलं नव्हतं ते त्या आता सासूला शिकवत होत्या. आई पहिल्यांदा चुकली, दुसऱ्यांदा चुकली, चिडली, वहिनींच्या माहेराला दोन शब्द बोलली, आणि पुन्हा वाकली. महिन्याभरात ती दारातूनच सांगायला लागली, "शालन, हळद जास्त पडली गं." "कळली मला आत्ती, रंगावरनं." "मला आधी कळली." कुणाला आधी कळलं यावरून दोघींची रोज भांडणं व्हायला लागली आणि डबे पूर्वीसारखे झाले. देवालाही मीठ मिळू लागलं.

एका सकाळी कामावर जायच्या आधी दादानं तो भरलेला सिलिंडर खांद्यावर घेतला. वहिनी भाकरी थापत होत्या. "कुठं चाललासा?" त्यांनी विचारलं.

"परत देऊन येतो," दादा म्हणाला. "उगंच जागा अडवून बसलाय." दादा यापेक्षा जास्त कधी बोलत नाही. वहिनींनी पीठ लागलेला हात तसाच धरून तो गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत पाहिलं, असं आई सांगते.

वीज कधी जातही नाही असं मी म्हणणार नाही. एकदा डबे अर्ध्यावर असताना गेली. वहिनी आणि आई पातेली उचलून मुश्ताकभाईंच्या घरी गेल्या. भाभींनी आपला गॅस मोकळा करून दिला, काडी त्यांनीच ओढली, आईनं वास घेतला, वहिनींनी ढवळलं. डबे वेळेवर गेले. त्या दिवशीचा नैवेद्य त्या स्वयंपाकघरातून आला आणि आईनं तो नेहमीसारखाच देवापुढं ठेवला.

आता पेठेतल्या बायका शेगडी घ्यायची म्हटली की आधी वहिनींकडं येतात. वहिनी त्यांना वायर, अर्थिंग, भांडी सगळं सांगतात आणि दत्तगुरूंचं चुंबक उसनं देतात. सांगून झालं की म्हणतात, "आता तुम्ही मला सांगा. मला कळलं म्हंजे तुम्हास्नी कळलं." वास अजून आलेला नाही. त्याबद्दल विचारलं तर म्हणतात, "आला तर आला. काम अडलेलं न्हाय."

गेल्या महिन्यात मी त्यांना पत्र पाठवलं. फोन रोजच होतो, पण काही गोष्टी फोनवर बोलायला मला जमत नाहीत. ते पत्र असं:

सौ. शालनवहिनींना साष्टांग नमस्कार.

आमचं पुण्यातलं घर तयार झालं. लहान आहे, पण स्वतःचं आहे, आणि त्याचा पाया तुमच्या डब्यांनी घातला आहे. बिल्डरनं ओट्यावर गॅसची नळी आणून ठेवली होती. ती मी आणि कवितानं विचार करून नको म्हणून सांगितली. जाड वायर घालून घेतली आहे, अर्थिंग तपासून घेतलं आहे. इथल्या वायरमननं विचारलं, "तुम्ही इलेक्ट्रिकल इंजिनियर का?" मी म्हणालो, "नाही, बी.कॉम. हे मला माझ्या वहिनींनी शिकवलं."

शेगडी अजून चालू केलेली नाही. कविता म्हणते, आपणच दूध ठेवू. मी म्हणालो, नाही, वहिनी येईपर्यंत ती तशीच राहील. तुम्ही, आई आणि दादा या. आईला सांगा, पूर्व कुठली ते मी बघून ठेवलं आहे. तुमच्या हातानं दूध उतू जाऊ दे. शेगडी ओरडली, की माझ्या घराला शकुन झाला असं मी समजेन. येताना दत्तगुरूंचं चुंबकही आणा. कवितानं भांडी घेतली आहेत, पण तुम्ही तपासल्याशिवाय मला विश्वास वाटत नाही.

इतकी वर्षं मी वाचत आलो आणि तुम्ही ऐकत आलात. आता वाचायची पाळी तुमची. हे पत्र मनात वाचू नका. स्वयंपाकघरात बसून, आईला ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचा. तिला कळलं, म्हणजे मला लिहिता आलं.

तुमचा,
भावजी